सुमेध माझ्यावर बोलणार होता

माझा जन्म नागपूरचा, तिथल्या इंदोरा वस्तीचा. बाप मिलमध्ये होता, माय घरी बिड्या वळायची आणि आम्ही बहिणी तिच्याभोवती बसून पानं कापायचो, म्हणून तं माझे हात एवढे चपळ. पुढं फॅक्टरीत बाया म्हणायच्या, शकू, तुझ्या हाताला मोटर लावली का. बापाला अक्षर येत नव्हतं, पण मिलमधून आला की हातपाय धुऊन माझ्यासमोर बसायचा आणि म्हणायचा, वाच, इंग्रजी वाच. त्याला एक शब्द कळायचा नाही, पण मी अडखळले की बरोबर समजायचं, म्हणायचा, थांबली कायले, कठीण आहे का. असं मी मॅट्रिक केलं आणि इंग्रजी माझं चांगलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझं इंग्रजी चांगलं नसतं तर पुढचं काही झालंच नसतं, मीपण बाकीच्या बायांसारखी हसत घरी आले असते.

लग्न फोटोवर झालं. हे तेव्हा इथं, इंग्लंडात, येऊन फाउंड्रीत लागले होते, सुटीवर आले, लग्न केलं आणि परत गेले, आणि मी मागून आले हिवाळ्यात. काय सांगू तुला, नागपूरच्या उन्हात वाढलेली मी, विमानातून उतरले ती सुती साडी नि सपाता घालून. हे घ्यायला आले होते, त्यांनी आपला कोट काढून मला दिला आणि स्वतः कुडकुडत बसमध्ये बसले, आणि बोलले काय तं, इथं तुला कोणी काही विचारणार नाही बरं शकुंतला, इथं आपण फक्त इंडियन. ते किती खूश होते ते सांगताना. मला वाटलं, एवढं जर खरं असेल तं थंडीचं काय, थंडी सोसू.

आणि बरीच वर्षं ते खरंच होतं. लेस्टरपासून बसनं थोडं पुढं आमचं गाव, तिथं होजिअरीची फॅक्टरी होती, मी ओव्हरलॉकच्या मशीनवर बसले. शेजारच्या मशीनवर ज्योत्स्नाबेन. तिनंच मला काम शिकवलं, डब्यातलं अर्धं खायला दिलं, सुमेध झाला तेव्हा पहिलं झबलं तिनंच शिवलं. आमचं आडनाव तिला कधी नीट म्हणता आलं नाही आणि त्यावरून आम्ही कोण हे तिला समजायचं काही कारणच नव्हतं, तिच्यासाठी आम्ही मराठी, बस्स. मराठी माणसाचं तसं नसते. मराठी माणूस आधी आडनाव ऐकते, मग गाव विचारते, मग गावात कुठं राहायचे विचारते, आणि हसत हसतच विचारते बरं का, आणि तुला पत्तापण लागत नाही की तुला चाळणीतून गाळून झालं. इथं मराठी माणसंच कमी, म्हणून आम्ही सुखात होतो.

आमची नागपूरकडची पाच-सहा घरं होती, पुढं वाढली. रविवारी कम्युनिटी सेंटरची खोली मिळायची, तिथं आमचं विहार. आमच्या आधी कराटेचा क्लास असायचा, त्यांच्या चटया गुंडाळायच्या, टेबलावर पांढरी चादर टाकायची, मूर्ती ठेवायची, फोटो ठेवायचा, मेणबत्ती लावायची. सुमेध लहानपणापासून तिथं मांडी घालून बसायचा आणि आल्यागेल्या सगळ्यांना मोठ्यानं जयभीम करायचा, एवढ्या मोठ्यानं की मागं राहिलेली कराटेची पोट्टी हसायची. हे म्हणायचे, हसू दे, आवाज पाहिजेच माणसाला.

तर आवाज त्याला होताच. वकील झाला, सॉलिसिटर म्हणतात इथं. हे गेले त्या वर्षी तो पक्षात शिरला, आधी घरोघरी पत्रकं वाटायचा, मग कौन्सिलर म्हणून उभा राहिला आणि निवडून आला. त्याच्यापाशी एक कला आहे. रस्त्यात कोण दिसलं की त्याला त्याच्याच भाषेत हाक, गुजराती म्हाताऱ्याला केम छो काका, सरदारजीला सत श्री अकाल, बंगाली हॉटेलवाल्याला सलाम भाई, गोऱ्या म्हातारीला इथल्या गावठी बोलीत ऑलराईट मी डक. सगळे खूश. मी एकदा त्याच्याबरोबर बाजारात होते आणि समोरून आमच्या मंदाताई आल्या, विहाराच्या. मंदाताई आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होत्या, पुढं वॉर्ड सिस्टर झाल्या, आवाज खणखणीत. त्यांनी रस्त्यापलीकडूनच हात वर केला आणि म्हटलं, जयभीम सुमेध. तो म्हणाला, हाय आंटी, यू ओके? मंदाताईंनी हात हळूच खाली घेतला. मला म्हणाल्या, घाईत आहे वाटते कौन्सिलरसाहेब. मी म्हटलं, हो ना, मीटिंग आहे. मीटिंग कुठली, आम्ही कांदे घ्यायला चाललो होतो.

पण मी तेव्हा मनावर घेतलं नाही. सगळ्यांना खूश ठेवायचा धंदा आहे तो, शेजारी गुजराती उभे होते, त्यांनी विचारलं असतं काय म्हणाली ती, तं काय सांगणार. असं मी मला समजावलं. आईचं काम तेच असते.

फॅक्टरी बंद पडली तेव्हा आम्ही सगळ्या बाया रिकाम्या झालो. ज्योत्स्नाबेन मुलाच्या दुकानात बसायला लागली आणि मी केअरर झाले. म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, आंघोळ घालायची, कपडे बदलायचे, काही गरम करून खायला द्यायचं, गोळ्या द्यायच्या, की पुढच्या घरी. पैसे कौन्सिलचे, काम एजन्सीचं. कॉलरला बिल्ला, त्याच्यावर फक्त शकू, आडनाव लिहीत नाहीत. मला आवडायचं ते काम. माझी माय मेली तेव्हा मी जाऊ शकले नव्हते, तर मी म्हणायचे, तिची नाही तर दुसऱ्या कोणाच्या मायची पाठ धुऊन राहिले.

एक दिवस लिंडा, आमची मॅनेजर, खूश होऊन म्हणाली, शकू, तुझ्या भाषेची बाई मिळाली. एक डॉक्टर आणि त्याची बायको, गावाबाहेर मोठं घर, आणि डॉक्टरची आई, ऐंशीच्या पुढची, पुण्याची, कमरेचं हाड मोडलेलं. त्या आजींना इंग्रजी येत नव्हतं, दिवसभर टीव्हीसमोर मुक्या बसायच्या. मी पहिल्या दिवशी जाऊन म्हटलं, कशा आहात आजी, तर त्यांनी माझा हात धरला तो सोडेनात. मी त्यांना वरणफळं करून घालायची, त्यांचे केस विंचरायची, त्या मला पुण्याच्या गोष्टी सांगायच्या, जावेच्या, नणंदेच्या. मला शकुंतला म्हणायच्या, पूर्ण. सूनबाई म्हणायची, तुम्ही आल्यापासून आईंचा चेहरा बदलला. आणि खोटं कायले बोलू, माझापण बदलला होता. घरात मराठी बोलायला मला तरी कोण होतं, सुमेध तं इंग्रजीतच उत्तर देते.

त्यांच्या दिवाणखान्यात एक मोठं बुद्धाचं डोकं होतं, दगडाचं, इथं गार्डन सेंटरात मिळते ना तसं, त्याच्या बाजूला दिवा. मी रोज ते पुसायची. माझ्या कामात नव्हतं, पण पुसायची. सूनबाई म्हणायची, अहो राहू द्या. मी म्हणायची, राहू द्या कसं, धूळ बसते.

मग ऑक्टोबरात मी दसऱ्याची रजा मागितली. आजींनी सहज विचारलं, शकुंतला, घरी घट बसवतेस का गं? आणि मी, वेडी मी, एवढ्या महिन्यांच्या मायेनं मोकळी झालेली, मी म्हटलं, नाही आजी, आम्ही विहारात जातो, दसऱ्याला आमच्याकडं वंदना असते. एवढंच. मराठी माणसाला तेवढंच पुरते. आजींनी माझ्याकडं बघितलं, मग सुनेकडं बघितलं. सूनबाई म्हणाली, हो का, छान. आणि उठून किचनमध्ये गेली.

कोणी मला वाईट शब्द बोललं नाही. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटते की शिव्या दिल्या असतील. नाही. रजेवरून परत गेले तं सूनबाई म्हणाली, शकुंतलाबाई, आता तुम्ही स्वयंपाकाला हात लावू नका हं, तुम्हाला किती त्रास, मी करून ठेवत जाईन. मग चहाचा एक मग आला, फुलाफुलांचा, नवा, म्हणाली हा तुमचा, आणि तो वरच्या कपाटात न जाता खिडकीत राहायला लागला, झाडांच्या कुंड्यांजवळ. आजी माझ्याशी बोलायच्या, पण माझ्याकडं न बघता. आणि एक दिवस त्यांना आंघोळ घालून, कोरडं करून, मी टॉवेल ठेवायला बाहेर आले तर मागं पाण्याचा आवाज आला. सूनबाई आत गेली होती. आजी म्हणत होत्या, घाल गं बाई एक तांब्या, मग पूजेला बसते. मी धुतलेल्या अंगावर परत पाणी. मी जिन्याच्या तोंडाशी टॉवेल हातात घेऊन उभी. काय सांगू तुला. पाण्याचा आवाज किती साधा असते, आणि मला वाटलं मी इंदोऱ्याच्याही मागं, माझ्या आजीच्या गावात उभी आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत लिंडाचा फोन आला, ते घर तुझ्या रोटातून, म्हणजे कामाच्या यादीतून, काढलं. मी विचारलं, का. म्हणाली, क्लायंटची चॉईस, कारण द्यावं लागत नाही त्यांना. मी ऑफिसात जाऊन तिला समजावायला बसले. लिंडा वाईट बाई नाही, तिनं चहा केला, दार लावलं. म्हणाली, ते तुझ्याशी रेसिस्ट वागले का? मी म्हटलं, नाही, ते पण इंडियन. मग धर्मावरून का? मी म्हटलं, तसं म्हणता येईल, पण तसं नाही. ती म्हणाली, तू बुद्धिस्ट ना, अगं पण त्यांच्या घरी तर केवढा मोठा बुद्ध आहे, मी असेसमेंटला गेले होते तेव्हा पाहिला. आता बोल. मी तिला जात म्हणजे काय ते सांगायला लागले आणि माझ्याच कानाला ते खोटं वाटायला लागलं, जुन्या काळची गोष्ट सांगून राहिल्यासारखं. तिनं कायद्याचे कागद काढले, रेस होतं, धर्म होता, बाई-पुरुष होतं, अपंग होतं. आमचं नव्हतं. लिंडा म्हणाली, आय ॲम सो सॉरी लव्ह, मला हे कशात बसवता येईना. खरं होतं तिचं.

मी फक्त सुमेधला सांगितलं. त्या फुलांच्या मगाचं सांगितलं, रोटाचं सांगितलं, आणि मग पाण्याचंपण सांगितलं. तो उठून बाहेर बागेत गेला, थंडीत तसाच उभा राहिला. आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल. मराठीत बोलला, आई, मी सोडणार नाही. मोडकं मराठी त्याचं, पण ते वाक्य बरोबर होतं.

आणि योग बघ कसा, तेव्हाच लंडनला सरकारचं नवीन समानतेच्या कायद्याचं बोलणं चालू झालं, आणि त्यात जात घालायची का नाही, म्हणून सगळ्यांची मतं मागवली होती. आमच्या कौन्सिलमध्ये बार्बरा म्हणून एक गोरी बाई, जुनी मास्तरीण, सुमेधच्याच पक्षाची. तिनं ठराव आणला की आमच्या कौन्सिलनं सरकारला कळवावं, जात घाला. सुमेध त्याला अनुमोदन देणार होता, आणि देताना आपल्या आईचं सांगणार होता. पण त्यानं आधी मला विचारलं, हां, इथंच, ह्या टेबलावर. म्हणाला, आई, तुझं सांगू का? सगळ्यांना कळेल मग. मी दोन दिवस मागितले. आयुष्यभर जे घरात ठेवलं ते पोट्टा सभेत सांगणार, पेपरात येणार, ज्योत्स्नाबेनला कळणार, दुकानात कळणार. मग मी हो म्हटलं. फक्त म्हटलं, त्या मगाचं सांग, रोटाचं सांग, पाण्याचं नको सांगू, ते माझं आहे. तो म्हणाला, प्रॉमिस. आणि त्यानं ते भाषण लिहून मला वाचून दाखवलं, मी पोळ्या लाटत होते, आणि मला माझा बाप आठवला, समोर बसून ऐकणारा, फरक एवढाच की मला समजत होतं सगळं.

आता विहारात ही गोष्ट मी सांगायला नको होती का? पण मी सांगितली. माझं काय झालं ते नाही सांगितलं, एवढंच म्हटलं की सुमेध आपल्यासाठी बोलणार आहे. बस्स, बायांना काय, आमच्या बाया म्हणजे जयंतीला तीन दिवस आधीपासून नाचणाऱ्या. मिनीबस ठरवली, पांढऱ्या साड्यांना इस्त्र्या झाल्या आणि आदल्या दिवशीच नारळाची बर्फी करून डबे भरले. मंदाताई म्हणाल्या, अगं, आधी बोलू तर द्या त्याला. त्यावर एक म्हातारी म्हणाली, बारशाला घुगऱ्या काय पोरगं बोलायला लागल्यावर करतात का? सगळ्या हसल्या. आमचं असंच आहे, आनंदाची आम्हाला घाई. फार वाट बघितलेल्या माणसाला आणखी वाट बघवत नाही.

सभेच्या दिवशी सुमेधचे मला फोन येऊन गेले होते, ते मला नंतर दिसलं. कौन्सिलच्या सभागृहात वर लोकांना बसायला गॅलरी आहे, तिथं फोन बंद ठेवायचे असतात आणि आम्ही तं दारातच बंद केले, बेटा, एवढ्या आज्ञाधारक. वर लाकडी बाकं, आम्ही सगळ्या पांढऱ्या साड्यांवर कोट घालून बसलो, डबे पायाशी. खाली सभागृहातला एक माणूस गॅलरीकडं बघून म्हणाला, टाळ्या वाजवायच्या नाहीत. सुमेधनं वर बघितलं, आम्हाला बघितलं आणि त्याचा चेहरा असा झाला, मला वाटलं बरं नाही की काय याला.

आधी बार्बरा बोलली. साधं बोलली, छान बोलली. मग अध्यक्षानं सुमेधचं नाव घेतलं. तो उभा राहिला आणि म्हणाला की मी या ठरावाला एक दुरुस्ती सुचवतो. दुरुस्ती. मला वाटलं, आणखी काही चांगलं घालणार असेल. मी कान देऊन ऐकत होते. तो म्हणाला, आपल्या गावातल्या सगळ्या समाजांशी, देवळांशी, संस्थांशी आपण बोललो आहोत. इथं हा प्रश्न आहे याचा पुरावा नाही. कायदा आणला तर ज्या मुलांना जात माहीतही नाही त्यांना ती शिकवल्यासारखं होईल. म्हणून कायद्याची मागणी काढावी, त्याऐवजी संवाद आणि शिक्षण असं घालावं. आणि मग, कागदाकडं बघत म्हणाला, माय मदर इज अ केअरर इन धिस काउंटी. गेली कितीतरी वर्षं ती सगळ्या समाजांच्या म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. शी हॅज नेव्हर कम्प्लेन्ड. आमची माणसं अशी आहेत.

माझ्या बाजूच्या बायांना बाकीचं काही समजलं नाही, कौन्सिलमधलं इंग्रजी ते, कोणाला समजते. पण माय मदर समजलं, केअरर समजलं. सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं, हसल्या, एकीनं माझी मांडी दाबली, आणि ती म्हातारी, घुगऱ्यावाली, तिनं टाळ्या वाजवल्याच. मग सगळ्यांनी वाजवल्या. खालचा माणूस हात करून राहिला, बंद करा, बंद करा, आणि ह्या वाजवून राहिल्या. पांढऱ्या साडीतल्या आमच्या बाया स्वतःविरुद्धच्या भाषणाला टाळ्या वाजवून राहिल्या होत्या, आणि मी त्यांना थांबवू शकत नव्हते. काय म्हणणार होते? तो माझा मुलगा आहे, त्यानं तुम्हाला विकलं, असं म्हणू? एकटी बार्बरा वर बघत होती, माझ्याकडंच. दुरुस्ती पास झाली. बार्बराचा एकटीचा हात विरोधात.

खाली हॉलमध्ये आलो तर बायांनी डबे उघडले. सुमेध आला, टाय सैल केलेला. सगळ्यांनी त्याला घेरलं, जयभीम जयभीम, आणि तो पण म्हणत होता जयभीम, हळू आवाजात, एकेकीला. बर्फी तोंडात कोंबून राहिल्या त्याच्या. मग कोणी म्हणालं, आधी आईनं भरवायला पाहिजे होती, शकूताई, या ना पुढं, आणि फोनवाली एक पोट्टी फोटो काढायला उभी. मी काय करू, तू सांग. मी बर्फीचा तुकडा घेतला आणि माझ्या लेकाला भरवला. त्यानं तोंड उघडलं. दोघं एकमेकांकडं बघत होतो. फोटो निघाला. तो त्यांच्या सगळ्यांच्या घरी आहे.

मिनीबसमध्ये मंदाताई माझ्या बाजूला बसल्या. गाणी चालली होती मागं. मला भीती होती, मंदाताई वॉर्ड सिस्टर होत्या, मोठमोठ्या डॉक्टरांना इंग्रजीत झापलेलं आहे त्यांनी. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, शकू, माझं इंग्रजी काही एवढं चांगलं नाही बरं. आणि परत खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यानंतर आजपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांनी मला शिवी दिली असती तं मला सोपं गेलं असतं.

रविवारी सुमेध आला. मी जेवायला वाढलं. तोच बोलला सगळं, मी विचारलंपण नाही. म्हणाला, आदल्या दिवशी पक्षाच्या लोकांनी बोलावलं. इथल्या देवळांची नि संस्थांची जी मोठी समिती आहे ती म्हणाली, ठराव झाला तर पुढच्या निवडणुकीला आम्ही घरी बसतो, तीन वॉर्ड जातील. आणि पक्षानं सांगितलं की दुरुस्ती तूच मांड, तू त्यांच्यातलाच दिसतोस, दुसऱ्या कोणी मांडली तर भांडण दिसेल. मांडलीस तर पार्लमेंटचं तिकीट तुझं. आई, मी आत्ता नाही म्हटलं असतं तर बाहेर झालो असतो, मग तिथं आपलं कोण? तिथं पोचलो तर तो कायदा मी स्वतः, आई. आणि मी रिकामा नाही आलो, बघ. तुमच्या एजन्सीच्या करारात मी दोन गोष्टी घालून घेतल्या, एका घरून दुसऱ्या घरी जायच्या वेळेचा पगार, आणि केअरर बदलायचा असेल तर कारण लिहून द्यावं लागेल.

आणि त्यानं ते केलं, खोटं नाही. आमची डोरीन, जमैकाची, माझ्याच रोटावरची, तिनं मला रस्त्यात मिठी मारली, म्हणाली, तुझ्या मुलाला देव बरकत देवो, आता पावसात फुकट चालायला नको. मी तिला काय सांगू? रागवायचं तं कशावर रागवू, त्याचं प्रत्येक बोलणं अर्धं खरं आहे, आणि ह्या अर्ध्याचं मला काही करता येत नाही, ना थुंकता येत ना गिळता येत.

त्याचं बोलून झालं तेव्हा मी एकच म्हटलं. म्हटलं, सुमेध, सांगायला तू मला विचारलं होतंस. झाकायला नाही विचारलंस.

तो म्हणाला, फोन केला होता आई. मी म्हटलं, हो, केला होतास. मग म्हणाला, विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? आणि बेटा, तिथं त्यानं मला बरोबर धरलं. कारण मी हो म्हटलं असतं. लेकाचं तिकीट आहे म्हटल्यावर मी हो म्हटलं असतं, ते त्याला माहीत होतं आणि मलापण माहीत होतं. पण मी म्हटलं असतं ना. माझ्या तोंडानं म्हटलं असतं. तो ताटावर मान घालून बसला, मग त्यानं मला आणखी भाजी मागितली, आणि मी वाढली.

आता ते बिल लंडनला अजून चालूच आहे म्हणतात. मी बातम्या लावते, समजते तेवढं बघते, जात घालतील का नाही घालतील कोणाला माहीत नाही. मी अजून कामाला जाते, गुडघे धरतात तोवर जाईन. विहारात जाते, मंदाताईंच्या बाजूला बसते. सुमेध उभा आहे, मे महिन्यात निवडणूक, त्याच्या चेहऱ्याची पत्रकं पेट्या भरून माझ्याच पॅसेजमध्ये पडली आहेत, आणि संध्याकाळी मी आणि ज्योत्स्नाबेन आमच्या रस्त्याला वाटतो, ती एका बाजूनं, मी एका बाजूनं. तिला अजून काही माहीत नाही. ती म्हणते, शकू, तारो दीकरो पार्लमेंटमां. मी म्हणते, हो गं, लेक पोचू दे एकदा. मत त्यालाच देणार, दुसऱ्या कोणाला देऊ? आणि तो निवडून यावा असं मला मनापासून वाटते, हे पण लिही, नाहीतर लोकांना वाटेल मी वैरीण आहे त्याची. त्याला मोठं आयुष्य मिळो. तिथं पोचल्यावर त्याला तोंड उघडायचं बळ मिळो, एवढं मी रोज वंदनेत मागते.

तू एवढं ऐकलंस, मला बरं वाटलं, बघ, पाण्याचंपण सांगून टाकलं तुला. लिही तू, सगळं लिही, जसं सांगितलं तसं. फक्त नावं बदल. गावाचं घालूच नको, माझं दुसरं काहीतरी ठेव, त्याचंपण दुसरं ठेव, पण आपल्या घरातलं वाटेल असं ठेव. आणि छापायची एवढी घाई करू नको, बेटा. निवडणूक होऊन जाऊ दे.